चपला कुणी उचलल्या?

गुरुवार, दुपारचा खेळ चालू असताना

भोपळ्या,

आई ठीक आहे. पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू घाबरला असशील, म्हणून हे आधी लिहिलं. पत्ता तुझ्या पार्सलवरून घेतला. दर थंडीत आईला लोकरीचे मोजे पाठवतोस, सोबत एका ओळीची चिठ्ठीही नाही. ती ते पायात घालत नाही, कपाटात रचून ठेवते. फोन नंबर बदललास तो कुणाला कळवला नाहीस, तेव्हा पत्राशिवाय दुसरा इलाज नाही.

पण हे पत्र बहिणीचं समजू नकोस. बहीण तुझ्याशी बोलत नाही. हे थिएटरच्या डोअरकीपरचं पत्र आहे. हो, मी अजून तिथेच आहे. तिकीट फाडते, अंधारात बॅटरीनं खुर्ची दाखवते, पुढच्याच्या खुर्चीवर पाय ठेवणाऱ्यांना झापते. तुझा 'पुन्हा दुपार' आमच्याकडे लागलाय. खेळ सुटल्यावर लोक काय बोलतात ते दाराशी उभं राहून ऐक, असं मॅनेजरनं सांगितलंय, कारण वरच्या ऑफिसातून त्याला रोज विचारणा होते. पोस्टरवर दिग्दर्शकाचं जे सिनेमापुरतं घेतलेलं नाव आहे ते माझ्या भावाचं, हे त्या बिचाऱ्याला ठाऊक नाही. मी ताकास तूर लागू दिलेली नाही.

तर ऐक. पहिल्या खेळाचे लोक बाहेर आले ते चुकून भलत्याच लग्नात जेवून आल्यासारखे. एकमेकांकडे बघत होते. मग एकदम सगळे बोलायला लागले. एक जोडपं पार्किंगपर्यंत भांडत गेलं. नवरा म्हणे, तो मुलगाच मेलेला आहे. बायको म्हणे, बाप आधीपासून मेलेला होता. शेवटी नवरा म्हणाला, "बरं, आपण दोघं मेलोय, चल आता घरी." एका आजोबांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "बाई, रीळ उलटंसुलटं लावलंय का हो?" कॉलेजच्या दोन मुली लगेच दुसऱ्या खेळाची तिकिटं काढून परत आत. गणिताचे एक रिटायर्ड सर आहेत, त्यांनी पॉपकॉर्नच्या पुड्यावर वर्तुळं काढून पाच-सहा जणांना समजावलं. नंतर स्वतःच म्हणाले, "थांबा, कुठेतरी चुकतंय."

लोकांना एवढं समजलं: एक मुलगा भर दुपारी झोपेतून उठतो. त्याचा बाप कोल्ड स्टोरेज सांभाळतो. बाप कोल्डरूममध्ये जातो, बाहेरून दार लागतं, संध्याकाळी तो आत मेलेला सापडतो. मग मुलगा पुन्हा त्याच दुपारी उठतो. किल्ली लपवतो, वीज तोडतो, बापाला ओढत स्टेशनवर नेतो, आणि तरी दर वेळी कसं कोण जाणे, संध्याकाळी बाप त्याच दाराआड. मधूनच तोच मुलगा केस पांढरे झालेला दिसतो. हे काय प्रकरण आहे ते सरांनाही सुटलेलं नाही.

मला काही विचारू नकोस. मध्यंतरानंतर बाल्कनीची दारं माझ्याकडे असतात, मी पुढचा भाग अजून पाहिलेला नाही. पहिल्या भागात तो पॅसेज दिसला. भिंतीला टेकलेले रबरी बूट दिसले. मी बॅटरी बंद केली आणि बाहेर जाऊन पाणी प्यायले.

तुमच्या थिएटरची,
डोअरकीपर

शनिवार, सकाळी

आज बहीण लिहितेय.

काल बाल्कनीवर दुसरीला उभं केलं आणि शेवटपर्यंत आत थांबले. जिन्यातला तो प्रसंग आला आणि माझ्या हातातली बॅटरी खाली पडून गडगडत पडद्यापर्यंत गेली. पुढच्या रांगेतले हसले.

पुन्हा सुरू झालेल्या एका दुपारी मुलगा जिन्यात उभा आहे. खाली पॅसेज, कोल्डरूमचं दार, दारासमोर बापाच्या चिखलानं भरलेल्या चपला. एक बाई बादली घेऊन येते. तिचा चेहरा तू दाखवलेलाच नाहीस, नुसती पाठ आणि हात. फरशी धुवायची म्हणून ती चपला उचलते, नळाखाली धरते, ब्रशनं घासते आणि बाहेर कट्ट्यावर उन्हात वाळत ठेवते. डाव्या मनगटावर इस्त्रीचा चटका, लांबट. मुलगा सगळं बघतो आणि गप्प राहतो.

भोपळ्या, तो चटका मी रोज बघते. आत्ता, हे लिहिताना, तो हात पलीकडे ओटा पुसतोय.

आपल्या कोल्ड स्टोरेजमधला नियम होता ना. आत जाताना चपला दाराशी काढायच्या, रबरी बूट चढवायचे. दाराशी चपला म्हणजे आत माणूस. दार लावणाऱ्यानं आधी खाली बघायचं. दार आतून उघडायची कडी केव्हाची मोडली होती, आणि दुरुस्त करा म्हटलं की बाबा म्हणायचे, "चपला आहेत की! कडी कशाला हवी?" त्या दुपारी मी इथे नव्हते, परगावी नोकरीला होते. पोचले तेव्हा मामांचं ओरडणं जिन्यापर्यंत ऐकू येत होतं. "समोर चपला पडल्यात, आंधळा होतास का रे तू?" चपला सगळ्यांनी पाहिल्या होत्या, दाराशी, नेहमीच्या जागी. आणि दार तू लावलं होतंस. तू एक अक्षर बोलला नाहीस. थोड्याच दिवसांत पिशवी उचलून गेलास आणि आईला माझ्या गळ्यात घालून मोकळा झालास, असंच मी आजवर धरून चालले.

तुझ्या सिनेमातल्या पहिल्या दुपारी मात्र मुलगा दार लावताना खाली बघतो. नीट बघतो. फरशी ओली आणि रिकामी. मग तो दार लावतो. संध्याकाळी उघडतो, आत बाप पडलेला दिसतो. पुढचं लोकांच्या डोक्यावरून जातं: तो कुणाला हाक मारायच्या आधी कट्ट्याकडे धावतो, वाळत ठेवलेल्या चपला आणतो, दाराशी ठेवतो, आणि मगच ओरडतो. लोक म्हणतात, हे काय वेड्यासारखं? मला कळलं. त्या बाईकडे कुणी बोट दाखवू नये म्हणून. म्हणजे बोलणी तू खाल्लीस, घर तू सोडलंस, आणि मी एवढी वर्षं तुला मनातल्या मनात शिव्या घातल्या.

आता मला सांग, एवढं पोटात ठेवलंस तर हे भल्या मोठ्या पडद्यावर कशाला मांडलंस? आई याच गावात राहते रे. थिएटर भाजी मंडईच्या रस्त्यावर आहे. ती रोज पोस्टरसमोरून जाते.

तिला हे ठाऊक नाही. तिला ठाऊक नाही असं मी समजते. मला फार भीती वाटतेय.

ताई

मंगळवार, तिकीट खिडकीमागच्या खोलीत

तुझं उत्तर नाही. पोस्ट हळू चालतं असं मी स्वतःला समजावते.

इकडे मॅनेजरच्या अंगात आलंय. लोकांना कोडं सुटत नाही म्हणून ते पुन्हा पुन्हा येतात हे त्याच्या लक्षात आलं, आणि त्यानं लॉबीत खोकं ठेवलंय. वर लाल अक्षरांत: 'चपला कुणी उचलल्या? आणि का?' उत्तर चिठ्ठीवर लिहून टाकायचं, सर्वांत पटणाऱ्या उत्तराला फुकट पास. चिठ्ठ्या वाचायचं काम कुणाकडे असेल? ओळख बघू.

पहिल्या दिवशी बऱ्या होत्या. 'बाई म्हणजे काळ.' 'बाई म्हणजे मुलाची होणारी बायको.' 'दिग्दर्शकालाच माहीत नाही, तेव्हा आम्हाला विचारू नका.' एकानं 'कुत्र्यानं' असं लिहिलंय. मी हसले होते, खरं सांगते.

मग कोपऱ्यावरच्या सलूनवाल्यानं शोध लावला. त्याच्या खुर्चीत बसणारा माणूस गालाला साबण लावलेला असतो, उठून जाऊ शकत नाही, त्यामुळे त्याचा शोध गावभर व्हायला वेळ लागला नाही. त्याचं म्हणणं, ती मेलेल्याची बायको आहे आणि तिनं हे मुद्दाम केलं. नवऱ्याला मारायचं तर हात न लावता मारायचं, नुसत्या चपला हलवायच्या, म्हणजे कुणी पकडणार नाही. आणि मुलगा तिला सामील. "नाहीतर तो गप्प का बसतो सांगा! डोळ्यांनी बघतो ना? मग एकदा म्हणायचं, बाई गं, चपला तिथेच असू दे! दहा मिनिटांत पिक्चर खलास, बाप जिवंत. तो सगळं करतो, वीज तोडतो, किल्ली गिळतो, एवढं एकच वाक्य बोलत नाही. का? सामील आहे म्हणून!"

हे सगळ्यांना पटलं. म्हणजे पटण्यासारखंच आहे. त्या कॉलेजच्या मुली चार वेळा बघून आल्या, त्याही म्हणतात गोष्टीत मोठं भोक आहे, त्या बाईला सांगत का नाही? सरांनी तर वर्तुळं सोडून दिली. कालच्या खोक्यात जवळजवळ सगळ्या चिठ्ठ्या एकसारख्या: बायको. मुद्दाम. बायकोनं काटा काढला. एकानं खाली बाईचं चित्र काढून तिला सुळे दाखवलेत.  मी त्या चिठ्ठ्या ओंजळभर उचलल्या आणि संडासात टाकून पाणी सोडलं. त्यात पाणी तुंबलं, मॅनेजरनं प्लंबर बोलावला, आणि मी तोंड वर करून म्हणाले, प्रेक्षक फार घाण करतात.

आज त्याहून वाईट झालं. मेडिकलवाले काका खेळ सुटल्यावर दाराशी थांबले. ते बाबांना ओळखायचे. बराच वेळ चष्मा पुसत राहिले. म्हणाले, "अगं, हे तर तुमच्या कोल्ड स्टोरेजसारखंच आहे." मी म्हटलं, "सगळी कोल्ड स्टोरेजं सारखीच असतात, काका." ते म्हणाले, "हो, तेही खरंच." पण जाताना वळून बघत गेले. ते भले आहेत, बोलणार नाहीत. पण त्यांच्या दुकानात दिवसभर माणसं येतात, आणि त्यांच्या बायकोच्या तोंडाला कुलूप नाही.

आणखी एक. हे कुणाला सांगावं कळत नाही, म्हणून तुलाच. आईला धूळ दिसली की हात शिवशिवतात, तुला ठाऊक आहे. पडदे, पंखे, कुंड्या, माझी बॅटरीसुद्धा ती धुवायला निघते. आज सकाळी माझे बूट दाराशी चिखलानं लडबडलेले होते. ती त्यांच्या बाजूनं फरशी पुसत गेली. बुटांना वळसा घातला. मी बघत राहिले आणि मग आठवायला लागले, ती पादत्राणांना कधीपासून हात लावत नाही? भोपळ्या, मला एकही दिवस आठवत नाही. बाबा गेल्यापासून एकही नाही.

मला वाटत होतं, तिला ठाऊक नाही. आता मला काहीच खात्रीनं वाटत नाही.

लवकर लिही.

ताई

रविवार, सकाळचा खेळ सुरू झाल्यावर

कार्ड मिळालं. 'आईला तो सिनेमा दाखवू नकोस.' बस्स? एवढ्या वर्षांनी एवढंच? मी काय तिला बोट धरून आणणार होते? मला वाटलं होतं तू येशील, नाही तर निदान त्या वरच्या ऑफिसला सांगून तो प्रसंग कापायला लावशील, नाही तर तिला दोन ओळी लिहिशील. दाखवू नकोस म्हणे! गावभर पोस्टर लावलंस आणि मला म्हणतोस, तू त्यावर हात धर.

धरतेय. ऐक कशी धरतेय ते.

शेजारची आईला म्हणाली, "पिक्चर पाहिलात का हो? तुमच्याच घरासारखं घर आहे म्हणे." आई मला विचारते, "कसला गं पिक्चर?" मी म्हटलं, भुताचा आहे. ती म्हणाली, "मग बघू या, मला भुताचे आवडतात." मी म्हटलं, भूत कपडे काढतं. त्यावर ती पंखा पुसायला लागली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "उद्या येऊ का?" मी म्हटलं, हाउसफुल्ल आहे. परवा म्हटलं, मशीन बिघडलंय. काल मी म्हटलं, आता तो पिक्चर उतरला. ती मंडईतून आली होती, पिशवी खाली ठेवत म्हणाली, "असं? पोस्टर काढायचं राहिलं वाटतं."

पेपरात सिनेमाचं पान येतं ते मी सकाळी काढून घेते. दुपारी घरी फोन करते, उगाच, ती आहे ना बघायला. फोन वाजत राहिला की मी घरी धावायला पर्स उचलते, आणि मग ती फोन घेते आणि म्हणते, "अगं, कपडे वाळत घालत होते, काय झालं?" काय झालं म्हणून सांगू?

मला कसली भीती वाटते ते स्पष्टच लिहिते. ती अंधारात एकटी बसेल. पडद्यावर तिचा हात येईल. मागून कुणीतरी ओरडेल, हीच ती, हिनंच मारलं, कारण आता दर खेळाला कुणीतरी ओरडतंच, आणि लोक टाळ्या वाजवतात. आणि तिचं हृदय फार बळकट नाही. डॉक्टरांनी जिने चढू नका म्हणून सांगितलंय. मी एकटीच आहे रे तिच्याजवळ. तिला काही झालं तर मी कुणाला हाक मारू? तुझ्या कार्डाला?

आणि तिनं ते पाहून मला काही विचारलं तर? मला खोटं बोलता येत नाही हे तू भुताच्या कपड्यांवरून ओळखलं असशील.

ये. सिनेमा उतरायच्या आत ये.

ताई

बुधवार, सकाळी, बसस्टँडवर

भोपळ्या,

काल दुपारच्या खेळाला गर्दी होती. मी मान खाली घालून तिकिटं फाडत होते. एक हात पुढे आला, मनगटावर चटका. मी वर बघितलं. आई. चांगली साडी नेसून, केस विंचरून, खिडकीवर रांग लावून स्वतः तिकीट काढून आली होती.

मी म्हटलं, "आई, घरी जा."

"तिकीट फाड."

"तुझ्या पाया पडते, जा. मी रात्री सगळं सांगते."

"मागे लोक खोळंबलेत गं."

आणि खरंच मागून कुणीतरी म्हणालं, "ओ ताई, आटपा की!" मी फाडलं. माझ्या नोकरीत मी फाडलेलं सगळ्यात जड तिकीट ते. अर्धा कपटा तिनं नीट घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि माझ्याकडे न बघता आत गेली.

मी दार दुसऱ्या डोअरकीपरकडे सोपवून तिच्या रांगेच्या टोकाला भिंतीशी उभी राहिले. सिनेमा मी पाहिलाच नाही, तिचा चेहरा बघत राहिले. बाप रबरी बूट घालायला वाकतो तेव्हा ती पुढे सरकून बसली. दर वेळी दुपार पुन्हा सुरू झाली की ती तश्शीच पुढे सरकायची. मग जिना आला. बादली आली. माझी पाचावर धारण बसली होती, डॉक्टरांचा नंबर मी मोबाईलवर काढून ठेवला होता. हात चपला उचलतो, आणि मागच्या रांगेतून तो सलूनवालाच, दुसऱ्यांदा की तिसऱ्यांदा आलेला, ओरडला, "हीच बघा खुनी!" टाळ्या पडल्या.

आईनं मान वळवली. आपण लहानपणी जेवताना बडबडलो की वळवायची ना, तशी. म्हणाली, "गप बस. बघू दे." आणि तो गप्प बसला. शेवटपर्यंत.

खेळ सुटला, दिवे लागले, लोक भांडत बाहेर पडले. ती उठली नाही. मी शेजारी जाऊन बसले. झाडूवाली पलीकडच्या रांगा झाडत होती. मला वाटलं, आता ती विचारणार, हे खरं का? मी तोंड उघडलं, पण तीच आधी बोलली.

"तो दार लावताना खाली बघतो," ती म्हणाली. "मला वाटायचं बघितलं नसेल. बघितलं होतं त्यानं."

मग म्हणाली, "बाहेर लोक काय म्हणत होते गं? त्याला दिसतं, मग तो त्या बाईला सांगत का नाही, असंच ना?"

मी मान हलवली.

"एवढी शिकलेली माणसं, आणि कळत नाही. सांगितलं तर बाप वाचेल, पण त्या बाईला कळेल ना, की आपल्या हातून काय झालं होतं ते. म्हणून सांगत नाही. पुन्हा उठतो, पुन्हा धावतो, बाप पुन्हा मरतो, पण आईला कळता कामा नये." तिनं पर्समधला तिकिटाचा कपटा काढून उलगडला. "वेडं पोर माझं. किती वेळा उठवतो गं तो स्वतःला."

मी तिचा हात धरला. मला वाटलं, संपलं, आता तिला कळलं, आता ती कोसळेल. आणि ती म्हणाली, "ओल्या होत्या."

"काय ओल्या होत्या?"

"चपला. सगळे ओरडत होते, तुझे मामा त्याला बोलत होते, मी खाली बसले आणि चपलांना हात लावला. ओल्या होत्या. मीच घासून कट्ट्यावर ठेवल्या होत्या, आणि त्या दाराशी होत्या. त्या कुणी आणून ठेवल्या हे कळायला मला सिनेमा बघायला नको गं. मला त्याच संध्याकाळी कळलं होतं."

भोपळ्या, तिला ठाऊक होतं. पहिल्या संध्याकाळपासून. तू तिच्यापासून लपवत होतास आणि ती तुझ्यापासून, आणि मी मधे मूर्खासारखी पेपरची पानं लपवत होते. मी ओरडलेच तिच्यावर. झाडूवाली दचकून थांबली. मी म्हटलं, मग बोलली का नाहीस? मामांना का बोलू दिलंस त्याला? त्याला जाऊ का दिलंस?

ती म्हणाली, "घाबरले. आधी वाटलं, आज नको, घरात माणसं आहेत. मग उद्या बोलते, उद्या बोलते म्हणत राहिले. आणि एका सकाळी उठले तर तो घरात नव्हता. मला वाटलं, त्याला माझं तोंड बघवत नाही म्हणून गेला. त्यानं का बघावं? मग मोजे यायला लागले. दर वेळी वाटायचं, हे पायात घालायची माझी लायकी नाही."

हे मी तिच्या शब्दांत लिहिलंय, एकही बदललेला नाही. तिनं मला वाचून दाखवायला लावलं आणि मग ठीक आहे म्हणाली.

काल ती जेवली, झोपली. मी नाही झोपले. उजाडताच तिनं पिशवी भरली. मी म्हटलं, मी सुट्टी काढते, दोघी जाऊ. नको म्हणाली. म्हटलं, मी आधी त्याला कळवते, तो स्टँडवर येईल. त्यालाही नको म्हणाली, कळवलं तर तो कार्ड पाठवेल. तुला बरोबर ओळखते. तेव्हा हे पत्र पोस्टानं येणार नाही, ती घेऊन येतेय. मी पलीकडच्या बाकावर बसून लिहितेय आणि ती बसच्या पाटीकडे बघतेय. पायात तुझे लोकरीचे मोजे आहेत, या उकाड्यात. चपलेत अंगठा बसत नाही म्हणून दोनदा काढून घातले.

मला अजून भीती वाटतेय. आता सलूनवाल्याची नाही, चिठ्ठ्यांची नाही. तुझी वाटतेय. तू दार उघडशील, तिला बघशील, आणि नेहमीसारखा गप्प उभा राहशील. तीही गप्प राहील, कारण तिला वाटतं, समोर आल्यावर आपल्याला बोलायला जमणार नाही. म्हणून तिनं आधी हे पत्र तुझ्या हातात द्यायचं आणि तू वाचून होईपर्यंत थांबायचं, असं ठरवलंय. मी नको म्हणत होते. पण ती माझं ऐकत नाही.

म्हणजे तू इथपर्यंत वाचलं असशील, तर म्हातारी मघापासून पिशवी घेऊन बाहेर उभी आहे. डॉक्टरांनी तिला जिने चढायला मना केलंय आणि तुझा तिसरा मजला आहे. पत्र ठेव खाली, गाढवा. तिला आत घे.

ताई